आलोइस एपस्टाइन
आलोइस एपस्टाइन (१ जानेवारी, १८४९ : कामेनित्से नाद लिपोउ, बोहेमिया - २७ ऑक्टोबर, १९१८ : प्राग) हे बालरोगतज्ज्ञ होते. नवजात बालकांच्या टाळूवर आढळणाऱ्या सूक्ष्म पांढऱ्या पुटी त्यांच्या नावावरून ‘एपस्टाइनचे मोती’ म्हणून ओळखल्या जातात.

== जीवन ==
बोहेमिया हा प्रांत त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. एपस्टाइन यांनी १८७३ साली प्राग विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. पुढे ते प्रागमधील अनाथ अर्भकालयाचे प्रमुख वैद्य झाले. तेथे मुख्यतः अविवाहित मातांची मुले येत.

== कार्य ==
या मोत्यांचे सविस्तर वर्णन एपस्टाइन यांनी १८८० साली प्रसिद्ध केले. गर्भावस्थेत टाळूचे दोन भाग मध्यरेषेवर जुळताना आवरणातील काही पेशी आत अडकतात. त्यांपासून केराटिनने भरलेल्या, साधारण १ ते ३ मिलिमीटर व्यासाच्या या पुटी तयार होतात. त्या दुखत नाहीत, दूध पिण्यात अडथळा आणत नाहीत आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप नाहीशा होतात. जिभेखाली किंवा जबड्यात वाढणाऱ्या दुर्मीळ जन्मजात पुटींवर मात्र शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून हा भेद ओळखणे आवश्यक ठरते.

अर्भकाचे तोंड बोटाने वा फडक्याने पुसण्याची प्रथा तेव्हा रूढ होती. टाळूवरील व्रण या घासण्यामुळेच होतात, असे प्रतिपादन करून एपस्टाइन यांनी तिला विरोध केला. हे मोती खरवडू नयेत, हाच सल्ला आजही दिला जातो.

== मृत्यू ==
एपस्टाइन यांच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे स्वातंत्र्य घोषित झाले.