कातळातील तळी शोधणारे हिस्लॉप

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर पाहणाऱ्यास सभोवती काळा कातळ दिसतो. लाव्हारसाच्या अशा थरांत जीवसृष्टीची खूण असेल, असे सहसा वाटत नाही. विदर्भातील याच कातळाने ती जपली आहे, हे दाखवून देणाऱ्यांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप अग्रणी होते.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले. अध्यापन करतानाच त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह परिसरातील खडकांचा अभ्यास केला. टाकळी येथे लाव्हाथरांच्या मधोमध त्यांना गोड्या पाण्यातील शंख, माशांचे खवले, फळे व बियांचे जीवाश्म सापडले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात येथे तळी होती, याचा तो पुरावा ठरला. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पाण्याने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचे नाव सांगते. मात्र त्यांचे खरे स्मारक कातळातच आहे. दगडात शंख दिसल्यास तो न उचलता जागीच राहू देणे, हीच त्यांना आदरांजली ठरेल.