सासऱ्याने शपथ घेऊन तोडलं, तोच मेंढपाळ पुढे ज्यूंचा थोर गुरू झाला

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम उद्ध्वस्त केलं. त्याच्या आगेमागच्या काळातली ही गोष्ट.

जेरुसलेममध्ये काल्बा सावुआ नावाचा बडा श्रीमंत माणूस होता. त्याच्या दारी आलेला उपाशी माणूस पोटभर जेवूनच जायचा, अशी त्याची ख्याती. त्याची मेंढरं अकिवा नावाचा गडी राखायचा. अकिवाला अक्षरओळखही नव्हती.

काल्बा सावुआच्या मुलीने याच अकिवाशी लग्न केलं. परंपरेत तिचं नाव राहेल. बापाचा पारा चढला. आपल्या संपत्तीतला एक पैसाही मुलीला मिळणार नाही, अशी शपथच त्याने घेतली.

भरल्या घरातली मुलगी हिवाळ्यात गवताच्या कोठारात झोपू लागली. अकिवा तिच्या केसांतल्या काड्या वेचायचा. एके दिवशी एक माणूस बाळंतिणीसाठी मूठभर गवत मागत आला. गवतही नसलेला कुणी आहे, हे अकिवाने बायकोला दाखवलं. तालमुद सांगतं, तो माणूस म्हणजे वेश पालटून आलेला प्रेषित एलिया होता. कोकणातले बेने इस्रायल नवस फेडताना मलिदा करून ज्याचं स्मरण करतात, तोच हा एलिया.

मग बायकोनेच अकिवाला शिकायला धाडलं. १२ वर्षं आणि आणखी १२ वर्षं तो बाहेर राहिला. परतला तेव्हा सोबत २४ हजार शिष्य होते, असं तालमुद म्हणतं. फाटक्या कपड्यांतली राहेल पुढे आली, तेव्हा शिष्य तिला ढकलू लागले. अकिवाने त्यांना थांबवलं. आपली आणि त्यांची सगळी विद्या तिचीच आहे, असं त्याने सांगितलं.

इकडे काल्बा सावुआला पस्तावा होत होता. पण ज्यू कायद्यात माणसाला स्वतःची शपथ मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही. विद्वानाकडे जावं लागतं. शपथ घेताना अमुक गोष्ट माहीत असती, तर ती घेतली असती का, हे विद्वान विचारतो. उत्तर नाही आलं, तर शपथ सुटू शकते.

गावात मोठा विद्वान आलाय हे ऐकून म्हातारा त्याच्याकडे गेला. जावई एवढा शिकेल हे माहीत असतं तर शपथ घेतली असती का, असं विद्वानाने विचारलं. जावयाला धर्मशास्त्राचा एक नियम जरी येत असता तरी घेतली नसती, असं म्हातारा म्हणाला. तेव्हा अकिवाने आपली ओळख दिली. सासऱ्याने त्याच्या पायांचं चुंबन घेतलं आणि अर्धी संपत्ती त्याला दिली.

अकिवा गरिबी विसरला नाही. देवाला गरीब प्रिय आहेत, तर तो त्यांना पोसत का नाही, असं रोमन अधिकारी तुर्नुस रूफुसने त्याला विचारलं होतं. गरिबांना मदत करून इतरांना नरकातून सुटता यावं म्हणून, असं अकिवाचं उत्तर होतं.

पुढे धर्मशिक्षणावर बंदी आली, तरी तो शिकवत राहिला. शेवटी रोमनांनी हालहाल करून त्याला मारलं. त्याने दिलेली शिकवण मात्र शिष्यांनी जपली, आणि ज्यू कायद्याचा ग्रंथ मिश्ना तिच्याच पायावर उभा राहिला.