कार्लाईलमधील जिम थॉर्पचा शेवटचा मोसम

९ नोव्हेंबर १९१२. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या मैदानावर एका बाजूला भावी लष्करी अधिकारी उभे होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ड्वाइट आयसेनहॉवर त्यांच्यातच होते. समोर होता पेनसिल्व्हेनियातील कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा मूलनिवासी विद्यार्थ्यांचा संघ. वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचे हत्याकांड केले, त्याला तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती. सामना कार्लाईलने २७-६ असा जिंकला. त्या विजयाचा नायक होता जिम थॉर्प.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदण्याचा तो अमेरिकी खेळ. त्यात वजनदार खेळाडूंना साहजिकच महत्त्व. कार्लाईलची मुले अंगाने हलकी होती. त्यामुळे प्रशिक्षक ‘पॉप’ वॉर्नर यांनी वेग आणि हुलकावणी यांवर संघ उभारला. थॉर्पकडे मात्र वेग आणि ताकद दोन्ही होते.

१८८७ च्या सुमारास आजच्या ओक्लाहोमात, सॅक अँड फॉक्स जमातीत त्याचा जन्म झाला. जुळा भाऊ चार्ली बालपणीच न्यूमोनियाने दगावला. आई-वडिलांचे छत्रही किशोरवयातच हरपले. १९०४ मध्ये तो कार्लाईलला आला. जुन्या लष्करी बराकींत १८७९ साली सुरू झालेल्या या शाळेचा हेतूच मूलनिवासी मुलांची भाषा, केस, पोशाख आणि चालीरीती पुसून टाकण्याचा होता. त्याच शाळेचा संघ हार्वर्डसारख्या विद्यापीठांशी झुंजत होता, हा इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास. १९११ मध्ये दुखऱ्या पायाने थॉर्पने चार फील्ड गोल केले आणि हार्वर्ड १८-१५ असे हरले.

१९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉनची सुवर्णपदके पटकावून तो परतला. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली आणि लगोलग तो शाळेच्या संघात दाखल झाला. त्या मोसमात कार्लाईलने १२ सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकच गमावला. लष्कराला नमवल्यानंतर आठवडाभरातच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४-२६ असे हरवले. तथापि नोव्हेंबरअखेर ब्राऊन विद्यापीठाचा ३२-० असा फडशा पाडून मोसम संपला. संघाच्या ५०४ गुणांपैकी थॉर्पच्या नावावर १९८ गुणांची नोंद आहे.

दोन महिनेही उलटले नाहीत तोच जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने त्याचा ‘गुन्हा’ उजेडात आणला. १९०९ व १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्याने थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळले होते. इतर महाविद्यालयीन खेळाडू खोट्या नावाने हेच करीत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. आपल्याला नियमांची कल्पना नव्हती, असे कबुलीपत्र त्याने दिले. त्याचा मजकूर वॉर्नर यांनीच ठरवला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, ही वॉर्नर यांची भूमिका पटणे कठीण. १९११ मध्ये त्याला शाळेत परत आणणारे तेच होते. हरकत ऑलिम्पिक संपल्यावर ३० दिवसांत घ्यावी, असा नियम होता. तो धाब्यावर बसवून दोन्ही पदके काढून घेण्यात आली.

पुढे थॉर्प न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळला. १९२० मध्ये, आजच्या एनएफएलची पूर्वज असलेल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. कार्लाईलची शाळा १९१८ मध्येच बंद पडली होती. १९५० मध्ये अमेरिकी पत्रकारांनी अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची निवड केली. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या हाती पैसा उरला नव्हता.

१९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांना देण्यात आल्या, पण तो संयुक्त विजेताच राहिला. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव अखेर जुलै २०२२ मध्ये नोंदवले गेले. त्याच्या मृत्यूला तेव्हा ६९ वर्षे झाली होती.