डॅन्यूबच्या काठचा मुलगा

मुलांनो, तुम्हांला पोहता येते का? तुमच्यापैकी काहीजण लगेच हात वर करतील. कोणी गावच्या विहिरीत शिकले असेल, कोणी नदीत, तर कोणी शहरातल्या तलावात. पण काही मुले गप्प बसतील. त्यांना पाण्याची भीती वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही. पाणी जीवन देते, तसे ते जीवन घेतेही. आज मी तुम्हांला अशा एका मुलाची गोष्ट सांगणार आहे, ज्याच्याजवळ पाण्याला घाबरण्याचे फार मोठे कारण होते. तरीही त्याने पाण्याकडे पाठ फिरवली नाही.

आधी युरोपचा नकाशा उघडा. त्यात हंगेरी नावाचा देश शोधा. या देशातून डॅन्यूब ही मोठी नदी वाहते. तिच्या एका काठावर बुडा आणि दुसऱ्या काठावर पेस्ट अशी पूर्वी वेगवेगळी गावे होती. १८७३ मध्ये ती एक झाली आणि बुडापेस्ट हे शहर तयार झाले. याच शहरात १ फेब्रुवारी १८७८ रोजी एका गरीब ज्यू कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव आर्नोल्ड गुटमन.

आर्नोल्ड तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या घरावर मोठे संकट कोसळले. त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून मरण पावले. विचार करा, तेरा वर्षे म्हणजे साधारण तुमचेच वय. डोक्यावरचे छत्र गेले. शिवाय ज्या नदीने वडिलांना नेले ती नदी रोज डोळ्यांसमोर वाहत होती. दुसरा एखादा मुलगा जन्मभर त्या पाण्याजवळ गेला नसता. आर्नोल्डने मात्र निश्चय केला, की आपण पोहायला शिकायचे आणि नुसते शिकायचे नाही, तर उत्तम पोहणारा व्हायचे.

तो मनापासून सराव करू लागला. हळूहळू त्याचे नाव होऊ लागले. खेळाडू म्हणून त्याने स्वतःसाठी नवे नाव घेतले, आल्फ्रेड हायोश. हंगेरीच्या भाषेत हायोश म्हणजे खलाशी, पाण्यावर जहाज चालवणारा. पुढे साऱ्या जगाने त्याला याच नावाने ओळखले. आपणही आता त्याला हायोश म्हणू.

हायोश अभ्यासातही मागे नव्हता. बुडापेस्टच्या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठात तो इमारती बांधण्याचे शास्त्र, म्हणजे वास्तुशास्त्र शिकत होता. याच वेळी एक मोठी बातमी आली. प्राचीन काळी ग्रीस देशात ऑलिंपिक नावाचे खेळ होत असत. ते बंद पडून सुमारे पंधराशे वर्षे झाली होती. ते खेळ पुन्हा सुरू करण्याचे ठरले. १८९६ च्या एप्रिल महिन्यात ग्रीसची राजधानी अथेन्स येथे ते भरणार होते. हायोशला तिथे जायचे होते, पण वर्ग बुडवून खेळायला जाण्याची परवानगी त्याला सहजासहजी मिळाली नाही. मोठ्या मुश्किलीने होकार मिळाला आणि अठरा वर्षांचा हायोश अथेन्सला निघाला.

आजकाल पोहण्याच्या स्पर्धा तलावात होतात. पाणी स्वच्छ व कोमट असते, रांगा आखलेल्या असतात. अथेन्सला यांतले काहीच नव्हते. स्पर्धा उघड्या समुद्रात, झेआच्या खाडीत ठेवल्या होत्या. मार्ग दाखवण्यासाठी पाण्यावर पोकळ भोपळे सोडले होते. आपल्याकडे खेड्यातली मुले पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकत. अथेन्सला भोपळा बुडणाऱ्याला आधार देण्यासाठी नव्हता, वाट दाखवण्यासाठी होता.

इथे थोडे थांबा आणि दोन शब्द पाहा. उर्दूत आपण नदीला दरिया म्हणतो. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण अर्थ वेगळे. डॅन्यूबच्या दरियाकाठी वाढलेला हा मुलगा आता खऱ्याखुऱ्या दर्यात उतरणार होता.

११ एप्रिलचा दिवस उजाडला. किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. हवा गार होती. पाणी तर त्याहून गार, सुमारे १३ अंश सेल्सिअस. लाटाही उंच उसळत होत्या. पहिली शर्यत १०० मीटरची होती. हायोशने जोर लावला आणि १ मिनिट २२.२ सेकंदांत शर्यत जिंकली. ऑस्ट्रियाचा ओटो हर्शमान त्याच्या अगदी जवळ होता. दोघांत फरक पडला तो जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. आधुनिक ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पहिली शर्यत जिंकणारा खेळाडू म्हणून हायोशचे नाव इतिहासात लिहिले गेले. हंगेरीचाही तो पहिला ऑलिंपिक विजेता ठरला.

त्याच दिवशी ५०० मीटरची आणि १२०० मीटरची शर्यत होती. तिन्ही शर्यती पोहणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून हायोशने ५०० मीटरची शर्यत सोडली आणि सर्वांत लांब शर्यतीसाठी शक्ती राखून ठेवली. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्याने सर्वांगाला चरबीचा जाड थर लावला. पोहणाऱ्यांना बोटीत बसवून आत खोल समुद्रात नेले. तिथून उडी मारायची आणि पोहत किनारा गाठायचा, अशी ती शर्यत होती.

बोटी मागे राहिल्या. आजूबाजूला फक्त लाटा. हायोशने पुढे सांगितले आहे, की त्या वेळी आपले काही बरेवाईट झाले तर काय, या विचाराने तो थरारला होता. जिंकण्याच्या इच्छेपेक्षा जिवंत राहण्याची इच्छा त्याच्या मनात अधिक मोठी झाली. मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. शूर माणसाला भीती वाटत नाही असे नाही. हायोशलाही भीती वाटली आणि ती त्याने लपवली नाही. पण हातपाय मारणे त्याने थांबवले नाही. १८ मिनिटे २२.२ सेकंदांनी तो किनाऱ्याला लागला. दुसरा आलेला ग्रीसचा पोहणारा त्याच्यानंतर अडीच मिनिटांहूनही अधिक वेळाने पोहोचला.

त्या खेळांत पहिल्या क्रमांकाला सोन्याचे नव्हे, तर चांदीचे पदक आणि ऑलिव्हच्या झाडाची फांदी देत. हायोशला असा मान दोनदा मिळाला. अथेन्सच्या एका वर्तमानपत्राने त्याला हंगेरीचा डॉल्फिन म्हटले. विजेत्यांसाठी राजाने मेजवानी दिली. तिथे ग्रीसच्या युवराजाने त्याला विचारले, की तू इतके छान पोहणे कुठे शिकलास? हायोशने हसून उत्तर दिले, की पाण्यात. उत्तर गमतीचे होते, पण खोटे नव्हते.

आता पुढची गंमत ऐका. हायोश मायदेशी परतला. विद्यापीठात आपले कौतुक होईल असे त्याला वाटले असेल. पण तेथील प्रमुखांनी त्याचे अभिनंदनसुद्धा केले नाही. तुझ्या पदकांशी मला काही कर्तव्य नाही, पुढच्या परीक्षेत तू काय उत्तरे देतोस ते मला पाहायचे आहे, अशा अर्थाचे बोल त्यांनी सुनावले. हायोशला वाईट वाटले असणार. पण रागावून त्याने शिक्षण सोडले नाही. अभ्यास पूर्ण करून तो वास्तुविशारद झाला. म्हणून इथून पुढे आपण त्यांना आदराने ‘ते’ म्हणू.

हायोश केवळ पोहण्यावर थांबले नाहीत. १८९८ मध्ये ते आपल्या देशात १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत पहिले आले. थाळीफेकीतही त्यांनी अजिंक्यपद मिळवले. ते फुटबॉलही उत्तम खेळत. १९०२ मध्ये हंगेरीचा संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियाविरुद्ध खेळला, त्या संघात हायोश होते. तो सामना हंगेरी हरली. पण खेळाडूच्या आयुष्यात हार आणि जीत दोन्ही असतात.

खेळ कमी झाला तशी त्यांची दुसरी कामगिरी वाढत गेली. त्यांनी अनेक इमारतींचे आराखडे तयार केले. डेब्रेत्सेन शहरातील अरानबिका हे मोठे हॉटेल त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधलेले आहे. खेळांची मैदानेही त्यांनी उभारली. त्या काळी ऑलिंपिकमध्ये खेळांबरोबर चित्रकला, शिल्पकला, संगीत, साहित्य व वास्तुकला यांच्याही स्पर्धा होत. १९२४ मध्ये पॅरिस येथे हायोश आणि त्यांचे सहकारी देझ्यो लाउबर यांनी एका क्रीडांगणाचा आराखडा पाठवला. परीक्षकांनी त्या विभागात पहिला क्रमांक कोणालाच दिला नाही. दुसरा क्रमांक या दोघांना मिळाला. अथेन्सनंतर २८ वर्षांनी हायोशना पुन्हा पदक मिळाले आणि तेही चांदीचेच. खेळ आणि कला या दोन्हींत ऑलिंपिक पदक मिळवणारी माणसे जगात दोनच झाली. त्यांतले एक हायोश.

आणि आता त्यांचे जे काम मला सर्वांत मोठे वाटते ते सांगतो. बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीच्या मधोमध मार्गारेट नावाचे एक हिरवेगार बेट आहे. त्या बेटावर १९३० मध्ये पोहण्याचा एक मोठा तलाव तयार झाला. त्यावर छप्पर होते, त्यामुळे हिवाळ्यातही पोहता येई. त्याचा आराखडा हायोश यांचा होता. ज्या नदीने त्यांच्या वडिलांचा जीव घेतला, त्याच नदीच्या कुशीत त्यांनी इतरांना पोहण्यासाठी सुरक्षित जागा करून दिली. वडील परत येणार नव्हते. पण त्या तलावात शिकलेली मुले पाण्यात बुडणार नव्हती. पुढे या तलावाला हायोश यांचेच नाव देण्यात आले. तिथे मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाल्या.

त्यांच्या उतारवयात दुसरे महायुद्ध झाले. युरोपभर नाझींनी ज्यू लोकांवर भयंकर अत्याचार केले. हंगेरीतील लाखो ज्यू मारले गेले. अथेन्सच्या १०० मीटर शर्यतीत हायोशच्या मागोमाग आलेला ओटो हर्शमान तुम्हांला आठवतो ना? तोही ज्यू होता. १९४२ मध्ये त्याला व्हिएन्नाहून नेऊन ठार मारण्यात आले. एकाच लाटेशी झुंजलेले दोन तरुण, पण एकाचा शेवट असा झाला. माणसाला त्याच्या धर्मावरून किंवा वंशावरून शत्रू ठरवले, की मोठमोठे गुणी लोकही असे हकनाक मारले जातात. हायोश त्या काळातून वाचले. १२ नोव्हेंबर १९५५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी बुडापेस्ट येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, हायोश यांच्या आयुष्यातून काय घ्यायचे ते तुम्हीच ठरवा. मला मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येते. कोणी त्या दुःखावर रुसून बसतो, कोणी त्यातून काही शिकतो. हायोश आधी स्वतः शिकले आणि मग इतरांना शिकता यावे म्हणून त्यांनी जागा बांधली. त्यांची दोन पदके त्यांची एकट्याची होती. तलाव मात्र सर्वांचा झाला.

आणि जाता जाता एक ताकीद. हा धडा वाचून लगेच नदीकडे धावू नका. पोहायला जरूर शिका, पण घरी सांगून आणि चांगल्या पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या सोबतीने. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात तर मुळीच उतरू नका. पाण्याशी दोस्ती करायची, पण त्याचा मान ठेवून.