वैमानिक स्तानिस्लाव स्काल्स्की : शौर्य आणि बंदिवास

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. साम्यवादी पोलंडमध्ये परतावे की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न किती कठीण होता, हे स्तानिस्लाव स्काल्स्की (१९१५-२००४) यांच्या जीवनावरून आम्हांस उमगते. १९३९ मध्ये पोलंडच्या व १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात हे वैमानिक नाझी विमानांशी झुंजले. १९४७ साली ते मायदेशी परतले. १९४८ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून त्यांना अटक झाली. १९५० मध्ये देहदंड ठोठावण्यात आला, तो पुढे जन्मठेपेवर आला. १९५६ मध्ये ते सुटले. त्याच वर्षी कार्डिनल विशिन्स्की हेही स्थानबद्धतेतून मुक्त झाले. स्वदेशाने कोठडी दिली, तरी स्काल्स्की पुन्हा त्याच्याच वायुदलात रुजू झाले. जळगाव-धुळ्यातील भाविकांनी अन्यायाने बंदिवास भोगणाऱ्यांना प्रार्थनेत स्मरावे, अशी आमची विनंती आहे.