विश्लेषण : गॅसबत्तीपासून स्मार्टफोनपर्यंत... दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांना कामाला लावणारे कार्ल आउअर कोण होते?

वरातीच्या पुढे डोक्यावर धरलेली गॅसबत्ती आणि तुमच्या हातातला स्मार्टफोन यांचा एकमेकांशी संबंध आहे. गॅसबत्तीचे मेंटल ज्यांनी शोधले, त्यांनीच निओडिमियम हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले. फोनच्या स्पीकरमधले इवलेसे लोहचुंबक आज याच निओडिमियमपासून बनते. हे शास्त्रज्ञ म्हणजे ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये प्रयोगशाळेतून बाजारात कशी आली, हे त्यांच्या आयुष्यातून समजते.

प्रयोगशाळेची गोडी कुठून लागली?

आउअर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्नात झाला. वडील सरकारी छापखान्याचे संचालक होते. कार्ल ११ वर्षांचे असण्याच्या सुमारास वडील गेले. व्हिएन्नात शिकल्यानंतर १८८० मध्ये ते जर्मनीतील हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे गेले. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे बुन्सेन. मूलद्रव्य तापवून त्याच्या प्रकाशातील रंगरेषांवरून ते ओळखायचे, हे तंत्र आउअर तिथे शिकले. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा नादही तिथेच लागला.

‘जुळे’ वेगळे कसे झाले?

ही मूलद्रव्ये नावाइतकी दुर्मीळ नाहीत. अडचण वेगळीच आहे. ती खनिजात एकत्र सापडतात आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात, की एकाला दुसऱ्यापासून सोडवताना नाकीनऊ येतात. १८४१ मध्ये सापडलेले ‘डिडिमियम’ एकच मूलद्रव्य मानले जात होते. त्याच्या नावाचा अर्थच ‘जुळे’. आउअर यांनी त्याच्या क्षारांचे पुन्हा पुन्हा स्फटिक बनवले आणि दर वेळी थोडा थोडा फरक वेगळा काढला. अशा चिकाटीनंतर १८८५ मध्ये दोन मूलद्रव्ये हाती आली. हिरवट क्षारांचे प्रासिओडिमियम आणि जांभळट-गुलाबी क्षारांचे निओडिमियम. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते आणि या दोघांचा काही उपयोग होईल, असे कुणालाही वाटत नव्हते.

पहिला कारखाना का बंद पडला?

सुती धागा या क्षारांच्या द्रावणात भिजवून जाळला, तर कापूस जळून जातो. मागे राहिलेला ऑक्साइडचा सांगाडा मात्र ज्योतीत लख्ख उजळतो. गॅसचे दिवे असलेल्या शहरांसाठी ही मोठी गोष्ट होती. आउअर यांनी १८८५ मध्येच पेटंट घेतले आणि व्हिएन्नाजवळ १८८७ मध्ये कारखाना उभा राहिला. पण त्या मेंटलचा प्रकाश हिरवट होता आणि ते जरा धक्का लागताच मोडे. लोकांनी पाठ फिरवली आणि १८८९ मध्ये कारखान्याला टाळे लागले.

अशुद्धीने प्रकाश कसा वाढवला?

आउअर थांबले नाहीत. थोरियमच्या मेंटलचा प्रकाश चांगला पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. पण थोरियम जितके शुद्ध करावे, तितका प्रकाश मंद होई. म्हणजे उजेड देणारे खरे द्रव्य त्यातली अशुद्धी होती, आणि ती अशुद्धी होती सेरियम. शोधाअंती ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण ठरले. नोव्हेंबर १८९१ मध्ये व्हिएन्नातील ऑपेराजवळच्या कॅफेबाहेर हे दिवे लागले आणि पाहता पाहता जगभर गेले. पुढे रॉकेलवर चालणाऱ्या पेट्रोमॅक्ससारख्या बत्त्यांतही असेच मेंटल बसले. आपल्याकडे वीज पोहोचण्याआधी लग्न, कीर्तन आणि तमाशा याच उजेडात रंगत.

भारताशी संबंध कसा आला?

मेंटलसाठी थोरियम हवे आणि ते मोनाझाइट नावाच्या जड वाळूत मिळते. १९०९ मध्ये शॉम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. त्यानंतर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर ही वाळू देशातच वापरण्यासाठी १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

कचऱ्यातून लायटर कसा आला?

थोरियम काढून घेतल्यावर सेरियम, लॅन्थनम वगैरेंचे ढीग उरत. आउअर यांनी या टाकाऊ मालाकडे लक्ष वळवले. सुमारे ७० टक्के सेरियम आणि ३० टक्के लोखंड यांचा मिश्रधातू घासला, की ठिणग्या उडतात. १९०३ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. चाक फिरवून पेटणाऱ्या सिगारेट लायटरमधला खडा तो हाच. ऑस्ट्रियातील ट्रायबाख येथे त्यांनी उभारलेला उद्योग आजही सुरू आहे. विजेच्या दिव्यातही त्यांनी ऑस्मियम धातूची तार वापरून पाहिली. ऑसराम हे नाव ऑस्मियम आणि वोल्फ्राम म्हणजेच टंगस्टन यांच्या नावांवरून घडले आहे.

श्रेयाची लढाई कोणती?

इटर्बियममध्येही दोन मूलद्रव्ये दडलेली आहेत, हे आउअर यांनी दाखवले. पण त्याच सुमारास पॅरिसच्या जॉर्ज उर्बां यांनीही तेच केले आणि निष्कर्ष आधी मांडला. वाद पेटला. १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने उर्बां यांच्या बाजूने कौल दिला. आउअर यांनी सुचवलेले कॅसिओपियम हे नाव मागे पडले आणि ल्युटेशियम हे नाव रूढ झाले. ४ ऑगस्ट १९२९ रोजी कारिंथियातील आपल्या निवासस्थानी त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या कामाचे महत्त्व काय?

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे शक्तिशाली चुंबक १९८०च्या दशकात, म्हणजे निओडिमियमच्या शोधानंतर जवळपास शतकाने बनले. फोन, विजेवरची वाहने आणि पवनचक्क्या त्यावर चालतात. गंमत म्हणजे आउअर यांनी कष्टाने वेगळे केलेले ते जुळे चुंबकाच्या कारखान्यात पुष्कळदा एकत्रच वापरले जाते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने ७ दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, त्या यादीत ल्युटेशियमही आहे. हे निर्बंध जगाला जाचतात, कारण चीनची ताकद केवळ खाणींत नाही, ती शुद्धीकरणात आहे. खनिज अनेक देशांकडे आहे, भारताकडेही आहे. त्यातून एकेक मूलद्रव्य सोडवण्याचे कसब आणि कारखाने मात्र मोजक्यांकडेच आहेत. १८८५ मध्ये आउअर ज्या कामात गढले होते, आजची स्पर्धाही त्याच कामाची आहे.