फिरकी शिकलेला हात : पालवणकर बाळू

टेनिस बॉलवर क्रिकेट चालत नाही असे गाव आपल्याकडे शोधून सापडणार नाही. सोनारीच्या बाजूलाही सुगी झाली की मोकळ्या रानात हेच. बोटांनी पीळ देऊन सोडलेला चेंडू हवेतच वळतो. फिरणारा चेंडू भोवतालची हवा एका बाजूला लोटतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. टेनिसमधली सर्व्हिस जाळ्यावरून जाऊन एकदम खाली उतरते, तीही यामुळेच.

ही कला हातात कशी मुरते, हे पालवणकर बाळू यांच्या आयुष्यात दिसते. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार समाजात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत. १८९२ साली बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळ्या बांधणे, प्रसंगी टेनिस कोर्टाच्या रेषा आखणे ही त्यांची कामे. पुढे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम मिळाले. जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज तर बाद झाल्यावर त्यांना आठ आणे देत, असे सांगतात. गोलंदाजी तासन् तास झाली. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही.

वैद्यकाच्या दृष्टीने यात एक धडा आहे. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली आणि चुकल्यावर लगेच सुधारली, की लहान मेंदू ती पक्की करून ठेवतो. बाळूंच्या डाव्या हाताला ती संधी मिळाली, म्हणून तो घडला.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मैदानावर मात्र त्यांनीच टाकलेला चेंडू सगळे हाताळत. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही कर्णधारपदासाठी त्यांना डावलले गेले. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, तेव्हा घराण्याला तो मान मिळाला. १९५५ साली बाळू मुंबईत वारले.

आज सर्व्हिस किंवा फिरकी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पीळ नुसत्या मनगटाने देऊ नये. पाय, कंबर, खांदा आणि मग हात असा जोर वर चढत यावा. खेळाआधी अंग मोकळे करावे. खांदा किंवा कोपर दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. दुखणे राहिलेच तर डॉक्टरांना दाखवावे. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात, ती अतिसरावाने दुखावतात.

आणि गल्लीत एखादे पोर नुसतेच चेंडू आणून देत असेल, तर एखादे षटक त्यालाही टाकू द्यावे. हात सरावाने तयार होतो, पण सराव करू देणारा कोणीतरी लागतो.